भरती संपल्यानंतरची धाव

आपल्या जिल्ह्यात पहाटे रस्त्याने धावणाऱ्या तरुणाला हमखास एकच प्रश्न विचारला जातो : "भरतीची तयारी चालू आहे वाटतं?" धावणारा पन्नाशीच्या पुढचा असेल तर प्रश्न बदलतो : "शुगर निघाली का सर?" आणि धावणारी स्त्री असेल तर बहुधा प्रश्नच विचारला जात नाही, नुसते वळून पाहिले जाते. पहिले दोन्ही प्रश्न मी आयुष्याच्या दोन टप्प्यांवर ऐकले आहेत. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते. पण त्यांच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते, की माणूस धावतो तो काही मिळवण्यासाठी किंवा काही टाळण्यासाठी. एखादा माणूस केवळ बरे वाटते म्हणून रोज पहाटे धावत असेल, ही शक्यता आपल्या विचारातच येत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मी हीच शक्यता मांडू इच्छितो.

आपल्या भाषेकडेच पाहा. धावण्याशी नाते सांगणारे शब्द एकत्र केले तर त्यांत बहुतेक संकटेच भेटतात. धावपळ, धावाधाव, पळापळ, पळवाट, पळपुटा, पळता भुई थोडी. हिंगोली-परभणीकडे आपण बोलताना 'धावणे' फारसे म्हणतही नाही, 'पळणे' म्हणतो. आणि पळणाऱ्याच्या मागे कोणीतरी लागले असावे असा संशय त्या शब्दातच दडलेला असतो. आनंदाने धावण्यासाठी भाषेने हुंदडणे, बागडणे, उंडारणे असे काही शब्द राखून ठेवले आहेत खरे, पण ते पोरांना आणि वासरांना. मोठा माणूस हुंदडू लागला की तोच शब्द निंदेचा होतो.

भाषा उगाच अशी घडत नाही. आपल्या समाजाच्या वाट्याला शतकानुशतके जी धाव आली ती हुकमाची होती. गावात मयत झाले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचा तो महाराने. सरकारी कागद पुढच्या गावी न्यायचा तो त्यानेच. अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे वाट दाखवत जायचे तेही त्यानेच. रात्र असो, पाऊस असो, पोटात अन्न असो वा नसो. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी बांधून टाकलेली होती. तिला तास ठरलेले नव्हते, आणि वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला कामाला जुंपले जाई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच कारणाने. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, कायदा निराळा होता. गावगाड्याची रीत मात्र निराळी नव्हती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या लोकांनी ही गावकामे सोडली, तेव्हा सांगाव्याची ती धावही थांबली.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, हातात कोणाचाही निरोप नसताना, कोणीही बोलावलेले नसताना, आपल्याला वाटले म्हणून आणि वाटेल तितकेच अंतर आपल्यापैकी कोणी धावतो, तेव्हा तो जे सुख घेतो ते त्याच्या पणजोबांच्या पायांना ठाऊक नव्हते. मी या गोष्टीला फार मोठे नाव देऊ इच्छित नाही. पहाटेच्या धावेला क्रांती म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण सुख लहान असले तरी ते कोठून आले हे माहीत असावे.

हुकमाच्या धावेची जागा आपल्याकडे पुढे भरतीच्या धावेने घेतली. भरतीला मी नावे ठेवणार नाही. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, आणि तेव्हापासून गणवेशाने आपल्या घरांना पगार दिला तसा ताठ कणाही दिला. हिंगोलीत तर राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. त्यामुळे वर्दी ही येथे रोज रस्त्यावर दिसणारी, हाताशी आल्यासारखी वाटणारी गोष्ट आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटरची धाव आणि गोळाफेक. त्या सोळाशे मीटरने कितीतरी घरांवर पत्र्याच्या जागी स्लॅब आणला. आपल्या शाळेचे जे विद्यार्थी आज खाकीत आहेत त्यांच्या यशात या मैदानाच्या धुळीचा वाटा आहे, हे कोण नाकारील?

मला सलते ते त्यानंतरचे. निकाल लागतो आणि मैदान ओस पडते. ज्यांची निवड झाली ते प्रशिक्षण संपवून बंदोबस्ताच्या रात्रपाळ्यांत अडकतात आणि चार-पाच वर्षांत कमरेचा पट्टा दोन छिद्रे पुढे सरकतो. ज्यांची निवड झाली नाही त्यांची गोष्ट अधिक कठीण असते. तीन-तीन वर्षे रोज पहाटे साडेचारला उठलेला, रात्री हरभरे भिजत घालून झोपलेला, सोबत्यांच्या पावलांच्या आवाजावर आपला वेग बांधणारा मुलगा वयोमर्यादा उलटली की मैदानाकडे पाठ फिरवतो. काही सेकंदांनी नोकरी हुकलेली असते, आणि धावण्याची आठवणच त्याला अपयशाची आठवण वाटू लागते. त्या तीन वर्षांत त्याला धावण्यापासून जे मिळाले होते, तो दम, ती भूक, ती गाढ झोप, ते पहाटेचे मित्र, ते सारे नोकरीबरोबर बुडीत खाती जमा होते. मला हे फार मोठे नुकसान वाटते. नोकरी मिळणे त्याच्या हाती पुरते नव्हते. धावणे होते.

याला केवळ भरती जबाबदार नाही. धावण्याशी आपली पहिली ओळखच बहुधा चुकीच्या ठिकाणी होते. शाळाशाळांतून गृहपाठ न करणाऱ्याला, उशिरा येणाऱ्याला, रांगेत बोलणाऱ्याला मैदानाच्या चकरा मारायला लावतात. मी स्वतः शिक्षक आहे, आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझे हात जोडून सांगणे आहे की शिक्षा द्यायचीच असेल तर दुसरे काही शोधा. सात वर्षांचे मूल मैदान दिसताच आपण होऊन धावत सुटते. त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच मुलाला आपण धावणे म्हणजे शिक्षा असे शिकवतो, अठराव्या वर्षी धावणे म्हणजे परीक्षा असे शिकवतो, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर त्याला धावणे म्हणजे औषध असे सांगतात. मध्ये कोठेतरी त्याला धावणे म्हणजे धावणे असे सांगणारा कोणी भेटत नाही.

आता सुखाविषयी. सुखाचे वर्णन करताना खोटे बोलण्याचा मोह होतो, म्हणून आधी हे सांगतो की पहिली दहा मिनिटे मुळीच सुखाची नसतात. अंथरूण सोडणे जड जाते, गुडघे कुरकुर करतात, श्वास आणि पाऊल यांचे जमत नाही, आणि मन परत फिरण्यासाठी एकाहून एक सरस कारणे पुढे करते. रोज धावणाऱ्यालाही हे चुकत नाही. सवयीचा फायदा एवढाच की ही कुरकुर दहा मिनिटांची आहे हे त्याला ठाऊक असते. मग एका क्षणी, नेमका कोणता ते कधीच कळत नाही, शरीर आपला हट्ट सोडते. श्वास आपली लय धरतो. पाय आपण टाकतो आहोत असे वाटेनासे होते. शास्त्रज्ञ पूर्वी या हलकेपणाचे श्रेय एंडॉर्फिन नावाच्या द्रव्याला देत. आता शरीर स्वतःच तयार करते अशा दुसऱ्या द्रव्यांकडे, एंडोकॅनाबिनॉइड्सकडे, त्यांचे लक्ष वळले आहे. नाव काहीही असो, ते विकत मिळत नाही आणि त्यासाठी उधारी करावी लागत नाही.

या हलकेपणाहूनही मला प्रिय आहे ते दुसरेच. पहाटेचा तो पाऊण तास कोणाचा नसतो. त्यानंतरचा दिवस वाटला गेलेला असतो : शाळेला, घराला, बँकेच्या हप्त्यांना, नातेवाइकांच्या तंट्यांना, मोबाइलला. सूर्योदयापूर्वीच्या रस्त्यावर मात्र मी कोणाचा मास्तर नसतो, कोणाचा जामीनदार नसतो. आदल्या रात्री ज्या गोष्टीने झोप उडवली होती ती तिसऱ्या किलोमीटरपर्यंत आपल्या खऱ्या आकाराची होते. प्रश्न सुटतोच असे नाही. पण तो पिशवीत घालून नेता येईल एवढा होतो.

आणि मग आपला परिसर! मी मोटारसायकलवरून वर्षानुवर्षे जो रस्ता तुडवला तो मला धावू लागल्यावर कळला. कोणता चढ पायांना जाणवतो आणि डोळ्यांना दिसत नाही, कोणत्या वळणावर हवा एकाएकी गार होते कारण तेथे ओढा आहे, कोणत्या कडुलिंबावर बगळे रात्र काढतात. डिसेंबर-जानेवारीत कयाधूच्या काठाने धुके इतके खाली उतरते की पुढून येणारा माणूस आधी खोकल्याने ओळखू येतो. तेव्हा सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि निघताना कानटोपी लागते. मेअखेरीस तो पावणेसहाच्या सुमारासच डोके वर काढतो आणि साडेसहाला रस्ता तापू लागतो. फेब्रुवारीत बांधावरचे पळस पेटतात. मार्चपर्यंत शिवारात हळदीचे कुकर लागलेले असतात. शिजणाऱ्या हळदीचा तो मातकट, उग्र, उबदार वास धावणाऱ्याच्या खोल श्वासात जसा भरतो तसा गाडीवरून जाणाऱ्याला मिळत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनात हा वास मोजला गेला की नाही, कोण जाणे. पावसाळ्यात मात्र आपली काळी माती धावणाऱ्याची परीक्षा पाहते. कच्च्या रस्त्यावर शंभर पावलांत प्रत्येक बुटाला अर्धा किलो चिखल लागतो आणि माणूस नांगराला जुंपल्यासारखा चालू लागतो. अशा दिवसांत डांबरी रस्ता बरा, किंवा सरळ सुट्टी.

पहाटेची माणसे हे आणखी एक सुख. दिवसा जे शहर असते त्याहून पहाटेचे शहर निराळे असते आणि ते थोडक्या माणसांचे असते. दुधाचे कॅन अडकवून निघालेले गवळी, बसस्थानकासमोर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी मुले, पहिल्या एसटीची वाट पाहणारी म्हातारी, चहाच्या गाड्यावर स्टोव्हला पंप मारणारा, आणि तोंडाला पदर बांधून रस्ता झाडणाऱ्या बाया. आपण सहा वाजता उठून स्वच्छ रस्ता पाहतो तेव्हा तो कोणीतरी चार वाजल्यापासून झाडलेला असतो, हे मला कोणत्याही भाषणातून इतके कळले नव्हते. रोज दिसणाऱ्या माणसाशी हळूहळू ओळख होते, आधी नुसती मान हलते, मग एक दिवस 'जय भीम' होते, आणि चार दिवस गेलो नाही तर पाचव्या दिवशी "कुठं होता?" अशी चौकशी होते. ही माणसे माझ्या लग्नाकार्यात येणार नाहीत, मीही त्यांच्या घरी गेलेलो नाही. तरी त्यांच्या हजेरीने दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो.

परतल्यावर अंगावर घेतलेले पहिले तांब्याभर पाणी, त्यानंतरची भूक आणि त्या भुकेपुढची ज्वारीची भाकरी व ठेचा, यांविषयी लिहिण्याची गरज नाही. ज्यांनी वसतिगृहात पहाटेची कवायत करून न्याहारीची रांग धरली आहे त्यांना ते आठवत असेलच. त्या न्याहारीची चव आपण स्वयंपाकघराच्या नावावर जमा केली. खरे श्रेय मैदानाचे होते.

येथे एक शंका येईल. रोज सुख, रोज सुख म्हणता, पण आपली माणसे एखादी गोष्ट हाती घेतात आणि महिनाभरात स्वतःला जखमी करून सोडून देतात. हे खरे आहे, आणि याविषयी आपल्या परंपरेत एक फार उपयुक्त कथा आहे. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरचा सोण कोळिविस भिक्षू झाला. त्याचे तळपाय अतिशय नाजूक होते. राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमणाचा, म्हणजे चालत केलेल्या ध्यानाचा, असा ध्यास घेतला की पाय फुटून वाट रक्ताने भिजली. तरी हाती काही लागेना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. भगवान बुद्धांनी त्याला त्याच्याच जुन्या छंदाची आठवण दिली : वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती नीट वाजत नाही, फार सैल ठेवल्या तरी वाजत नाही. ही उपमा आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो, पण ती प्रथम सांगितली गेली ती पायांना फोड आलेल्या माणसाला, हे आपण विसरतो. तिचा पुढचा भागही विसरतो. सोणाच्या पायांची अवस्था पाहून बुद्धांनी त्याला एकतळी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळत असेल तर घेईन. आणि मग ती साऱ्या संघाला मिळाली. हजारो रुपयांच्या बुटांशिवाय धावता येत नाही असे मानणाऱ्या आजच्या तरुणांनी आणि अनवाणी धावण्याचा अभिमान बाळगणाऱ्या हट्टी माणसांनी, दोघांनीही ही कथा लक्षात ठेवावी. पायाला बसणारा साधा बूट पुरे, पण तो असावा.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत प्रवासाचे बळ, साधनेचे बळ, निरोगीपण, खाल्लेले पचणे हे तर आहेतच. पाचवा लाभ असा की चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. चंक्रमण आणि धावणे एक नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु पाय चालू असताना मन स्थिर होते, बसून राहिलेल्या मनाला कधी कधी जे जमत नाही ते चालत्या शरीराला जमते, हे त्या प्राचीन निरीक्षणाचे मर्म धावणाऱ्याला चटकन पटते.

सावकाश धावण्याची आपल्याला लाज वाटते, हाही एक अडसर आहे. कोणी पाहील तर काय म्हणेल! जगालाही ही लाज फार जुन्या काळी सुटलेली नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे मोठे प्रशिक्षक; १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक मिळवले. त्याच लिडियार्ड यांनी पुढे दोन-तीन वर्षांत ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, पोट सुटलेल्या, काही तर हृदयविकारातून उठलेल्या माणसांना धावायला लावले, पण कसे? सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश. जगभरचे आजचे 'जॉगिंग' मोठ्या प्रमाणात तेथून पसरले. तेव्हा धाप लागून शब्द फुटेनासा झाला तर वेग जास्त आहे असे समजावे. मित्राबरोबर जमिनीच्या वाटणीची गोष्ट बोलता बोलता धावता आले तर वेग बरोबर. गुडघे झिजतील ही भीतीही बहुतांशी अनाठायी आहे. हौशीने, बेताने धावणाऱ्यांत गुडघ्यांचा संधिवात बैठे जीवन जगणाऱ्यांपेक्षा कमी आढळतो, असे अभ्यासांतून दिसले आहे.

आपल्या मराठवाड्यात आज धावण्याचे नाव निघाले की बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. वाहन नव्हते म्हणून लहानपणी सहा किलोमीटर शाळा चालत-धावत गाठणारा हा मुलगा ५ महारमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, २०१५ नंतर स्पर्धेच्या धावण्याकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले, आणि पुढच्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ते त्याने मिळवले. आपण त्याचे फलक लावतो, अभिनंदनाचे संदेश पुढे पाठवतो. माझी तक्रार एवढीच की फलक लावणाऱ्या शंभरांतले पाचजणही दुसऱ्या दिवशी पहाटे घराबाहेर पडत नाहीत. गाणे ऐकणारा माणूस निदान गुणगुणतो तरी.

स्त्रियांविषयी मात्र मला तक्रारीच्या स्वरात बोलता येत नाही, कारण तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी मॅरेथॉन आली तीच १९८४ साली. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य मिळवले. अशी नावे आपण घेतो. मग लता करे यांची आठवण येते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी धावली आणि जिंकली. त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. सगळ्यांनी कौतुक केले, मीही केले. पण त्या धावल्या ते नवऱ्याच्या उपचारासाठी बक्षिसाची रक्कम हवी होती म्हणून. त्या टाळ्यांत आपल्याला थोडी शरम वाटायला हवी होती, असे मला राहून राहून वाटते. गरजेपोटी धावलेल्या स्त्रीला आपण डोक्यावर घेतो, आणि मौजेसाठी धावू पाहणाऱ्या स्त्रीला घरातून निघू देत नाही.

आपल्याच वसतिगृहाच्या मुली पाहा. शाळेत असताना ८०० मीटर दणक्यात मारणारी मुलगी लग्नानंतर अंगणाच्या पलीकडे धावत नाही. तिला आवड राहिली नाही, असे आपण म्हणतो. पहाटे पाच ते सात या वेळात तिला पाणी भरायचे असते, डबे करायचे असतात, मुलांना उठवायचे असते. तिच्या पाऊण तासाची किंमत कोणीतरी चुलीपुढे उभे राहून द्यावी लागते. ते 'कोणीतरी' म्हणजे आम्ही नवरे. मी दोन दिवसांआड डबे करतो तेव्हा माझी पत्नी बाहेर पडते. पोळ्या गोल होत नाहीत. त्याविषयी मुलांचे मत प्रतिकूल आहे.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दिवसभर सोयाबीन काढणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, विटा उचलणाऱ्या माणसाला मी पहाटे धावायला सांगत नाही. त्याच्या शरीराला विश्रांती आणि मजुरी हवी आहे, उपदेश नको. मी बोलतो आहे ते आमच्याविषयी, ज्यांना या शाळेने रानातून उचलून खुर्चीपर्यंत पोचवले : शिक्षक, लिपिक, तलाठी, बँकेचे कर्मचारी, पोलीस ठाण्यात बसून कागद लिहिणारे, संगणकापुढचे अभियंते. आपल्या आईवडिलांची शरीरे श्रमाने झिजली आणि आपली बसून गंजत आहेत. त्यांना थकव्यामुळे जे सुख घेता आले नाही ते आपल्याला आळसामुळे घेता येत नाही, ही तुलना मला अस्वस्थ करते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटांचा मध्यम किंवा ७५ मिनिटांचा जोरकस व्यायाम सुचवते. हिशोब केला तर तो दिवसाकाठी फार थोडा होतो, एका चहाच्या गप्पांएवढा.

ज्यांना पुन्हा सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. जुन्या दिवसांच्या वेगाची आठवण मनातून काढावी. पंचवीस वर्षांपूर्वीचे सोळाशे मीटर पंचवीस वर्षांपूर्वीच राहू द्यावेत. पहिले दोन आठवडे एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अंधारात पांढरा किंवा भडक रंगाचा सदरा घालावा आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. गाळपाच्या हंगामात वसमतकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांतल्या अनेकींना मागे दिवा नसतो. कुत्री अंगावर आली तर पळू नये, थांबून चालू लागावे. घड्याळ घरी ठेवावे. हे शेवटचे मी आग्रहाने सांगतो, कारण घड्याळ आले की भरती आली.

रस्ता सगळ्यांना सोयीचा नसतो, विशेषतः स्त्रियांना आणि वयस्करांना. म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे एक सूचना ठेवतो. आपले मैदान रविवारी पहाटे पाच ते सात माजी विद्यार्थी, पालक आणि आसपासच्या वस्तीतील स्त्रिया-पुरुषांसाठी खुले ठेवावे. तेथे स्पर्धा नको, क्रमांक नको, प्रमुख पाहुणे नकोत, हार-तुरे नकोत. मेळाव्याच्या दिवशीही भाषणांपूर्वी सर्वांनी मिळून मैदानाला चार चकरा माराव्यात, ज्याला जमेल त्याने धावत, ज्याला जमेल त्याने चालत, आणि कोण पहिला आला याची नोंद कोणी ठेवू नये. वसतिगृहातली मुले त्या वेळी आम्हाला पाहतील. पोट सुटलेले सर, दोन मुलांची आई झालेली त्यांची ताई, निवृत्त हवालदार, आणि भरतीत न निवडला गेलेला, आता किराणा दुकान चालवणारा दादा, असे सगळे कोणीही न सांगता धावताना त्यांना दिसतील. यासाठी संस्थेला खर्च काही नाही. फाटकाची किल्ली रविवारी पहाटे कोणाकडे असावी एवढाच प्रश्न उरतो. ती सांभाळायला मी तयार आहे.